मुंजाभाऊंची वजावट

आमच्या घरात सही करता येणारं पहिलं माणूस मी. माझ्या आधी सगळे अंगठे.

माझे वडील लिंबाजी सेलूच्या मोंढ्यात हमाली करतात. सकाळी वालूरहून जीपला लोंबकळत जायचं, दिवसभर सोयाबीन-हरभऱ्याची पोती पाठीवर वाहायची आणि दिवेलागणीला मान एका बाजूला कलती धरून परत यायचं. पुढं ती मान कायमचीच कलती राहिली. लहानपणी मला वाटायचं, आबा सारखे कोणाचं तरी ऐकून घेत असतात. आई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं फाटलेली असायची आणि कालवणात तिखट-मीठ टाकताना ती ओठ आवळून घ्यायची. घर म्हणजे पत्र्याची एक खोली. माझं दप्तर खताच्या पिशवीचं. पाऊस आला तर पुस्तकं आधी उचलायची आणि मग पीठ, हा आमच्या घरचा नियम आईनं घातलेला. तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं.

बारावीला मी शाळेत पहिली आले. त्याच आठवड्यात मामानं स्थळ आणलं. मुलाचं देवगाव फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. माणसं वाईट नव्हती. आबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मोंढ्यात गेलेच नाहीत. मला म्हणाले, ‘चल, मुंजाभाऊला इचारू.’

आमच्या गावात अडलं की लोक मुंजाभाऊंकडंच जात.

मुंजाभाऊंचं दुकान वालूरच्या बसथांब्यासमोर होतं. ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी, आत एक कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि सदा भरलेलं बाकडं. माणूस बुटका, गोल, सतत घाम पुसणारा. अंगात पांढरा शर्ट, वरच्या खिशाला सेफ्टी पिन लावलेली. कारण त्या खिशात फोटो असायचे, पासपोर्ट साइजचे. कोणाचा पेन्शनसाठी दिलेला, कोणाचा घरकुलासाठी, कोणाचा पोराच्या शिष्यवृत्तीसाठी. फोटोंनी तो खिसा कायम फुगलेला. त्यावर थाप मारून ते म्हणायचे, ‘अख्खं वालूर माझ्या काळजाशी हाय.’ लोक हसायचे. खोटं नव्हतंच ते.

गरिबाकडून त्यांनी कधी फॉर्म भरायचे पैसे घेतले नाहीत. म्हाताऱ्या बायांना तर उलट चहा पाजायचे. चहाची त्यांची एक रीत होती. अख्खा कप ते कधी पीत नसत. समोर बसलेल्याच्या बशीत अर्धा ओतायचा आणि मगच आपला उचलायचा. कलेक्टर आला तरी बशी, भिकारी आला तरी बशी. आणि दुसरी सवय म्हणजे सूट मागायची. भाजी घेताना सूट, दवाखान्यात सूट, एकदा देवळात अभिषेकाची पावती फाडताना पुजाऱ्याला म्हणाले, ‘महाराज, काई सूट?’ पुजारी म्हणाला, ‘भाऊ, देवाच्या कामात?’ तर म्हणाले, ‘देवाच्याच कामात असती. नाईतर आपल्यासारख्याइचा निभाव कसा लागायचा?’

त्या दिवशी त्यांनी माझी गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली, मागची बाजू कोरी असूनही. मग आबांच्या बशीत चहा ओतला.

‘लिंबाजी, हिला परभणीला घाल. हॉस्टेलला.’

‘भाऊ, कशाच्या जोरावर?’

‘माझ्या जोरावर.’

‘फेडायचं कसं?’

‘फेडायचं कशाला? तुझं आधार राहू दे माझ्यापशी. फोटू दे. अन् फोनवर नंबर आला तर सांगत जा. तेवढं लय झालं.’

आबांनी तिथल्या तिथं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मीही लावला. हिचाही फोटो दे म्हणाले म्हणून मी दोन वेण्यांचा शाळेतला फोटो दिला. तोही खिशात गेला, पिन लागली.

हे मी अभिमानानं सांगायचे. अजूनही त्यातला अभ्यासाचा भाग अभिमानानंच सांगते, कारण अभ्यास माझा होता. रात्र रात्र डोळे मी फोडले, ते कोणी माझ्यासाठी फोडले नाहीत. पण खोलीचं भाडं, मेसचा डबा, पहिल्या वर्षीचं कायद्याचं जाड पुस्तक, हे कशातून आलं ते आता मला माहीत आहे. एकदा माहीत झालेली गोष्ट विसरायची कशी, हे काही कॉलेजात शिकवत नाहीत.

बी.कॉम.ला असताना सुट्टीत मी त्यांच्या दुकानात बसायची. जीएसटीचा धडा मला कळत नव्हता. भाऊंनी तो चहावर समजावला.

‘बग. समज, दूधवाल्यानं दुधावर कर भरला. च्यावाल्याला च्यावर कर भरायचाय. पर दुधावरचा आधीच भरल्याला हाय, म्हणून तेवढा त्यानं वजा करायचा अन् राहिलेला भरायचा. याला म्हणतेत वजावट.’

‘पण दूधवाल्यानं खरंच भरला का, हे कसं कळतं?’

‘बिल असतं की.’

‘आणि बिल खोटं असलं तर?’

भाऊ कप उचलून म्हणाले, ‘मंग च्या पिऊन टाकायचा,’ आणि खो खो हसले. मीही हसले. त्यांचं आणखी एक वाक्य होतं: ‘कागद खरा असला की माल आपोआप खरा होतो.’ मला ते फार हुशारीचं वाटायचं. मी वहीच्या मागच्या पानावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

फोनवर येणाऱ्या नंबराचं मात्र सांगितलंच पाहिजे. ओटीपी म्हणजे काय ते गावात कोणाला कळत नव्हतं, पण तो आला की मुंजाभाऊंना सांगायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती. आबांचा फोन टणकन वाजला. मागोमाग भाऊंनी फोन केला. आबा मांडवाच्या मधोमध उभे, हातात अक्षता, आणि मोठ्यानं आकडे सांगायलेत. आकडे त्यांना तेवढे ओळखता यायचे. भटजी थांबले. वऱ्हाडी थांबले. कोणाला राग आला नाही. नवऱ्याकडचा एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, ‘काय हाय?’ तर आमच्यातला एक म्हणाला, ‘भाऊचं काम हाय.’ आकडे संपल्यावर भटजींनी पुढचं कडवं घेतलं.

त्या आकड्यांनी माझे वडील लोखंडाचे व्यापारी झाले होते.

ते आम्हाला कळलं त्या दिवशी दारात पांढरी गाडी आली. उतरलेले तीन अधिकारी पत्र्याच्या खोलीकडं आणि हातातल्या कागदाकडं आळीपाळीनं बघत होते. एकानं विचारलं, ‘लिंबाजीशेठ इथंच राहतात?’

आई भांडी घासत होती. तिनं हातातली राख झटकली.

‘शेठ पोते उचलायला गेल्यात,’ ती म्हणाली.

गल्लीतले लोक हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यातला वयानं लहान होता तो खाली बसला, आईच्या पातळीला आला आणि म्हणाला, ‘मावशी, घाबरू नका. पण शेठना बोलवा.’

प्रकार असा होता. भाऊंनी गावातल्या कितीतरी जणांच्या नावानं कंपन्या काढल्या होत्या. त्या कंपन्या कागदावर लोखंड विकायच्या. लोखंड नव्हतं, गोदाम नव्हतं, काही नव्हतं. होतं ते नुसतं बिल. ते बिल भाऊ बाहेरच्या जिल्ह्यांतल्या कारखानदारांना विकायचे. कारखानदार ते दाखवून सरकारकडून वजावट घ्यायचे, म्हणजे जो कर कधी कोणी भरलाच नाही तो वजा करून मोकळे. दूध नाही, चहा नाही, नुसती वजावट. सरकारचे कोट्यवधी असे गेले. भाऊंना त्यातला हिस्सा मिळायचा. आणि त्या हिश्शातून गावात दोघांची ऑपरेशनं झाली, शाळेला पाण्याची टाकी आली आणि मी वकील झाले.

भाऊ सापडले ते स्वतःच्या गाडीमुळं. माल नेताना कागदावर गाडीचा नंबर टाकावा लागतो. भाऊंनी सगळीकडं आपल्या जुन्या मोपेडचा नंबर टाकलेला. त्या मोपेडवर ते आणि एक पिशवी, एवढंच कसंबसं बसायचं. खटल्यात सरकारी वकिलानं विचारलं की या मोपेडवर ट्रकभर लोखंड गेलं का, तेव्हा कोर्टातला शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला. भाऊही हसले. पुढं मी त्यांना एकदा विचारलं, ‘भाऊ, कुठल्याही ट्रकचा नंबर टाकायचा होता. स्वतःचा कामून टाकला?’

ते गंभीर झाले. ‘दुसऱ्याचा टाकला असता तर त्या गरिबाच्या गाडीवर बालंट आलं असतं की.’

दुसऱ्याच्या गाडीची त्यांना एवढी फिकीर होती. दुसऱ्याच्या नावाची नव्हती.

खटला काही वर्षं चालला. भाऊ जामिनावर होते. दुकान बंद झालं होतं, पण बाकडं तसंच होतं आणि लोक येऊन बसायचेच. मधल्या काळात मी वकिलीची परीक्षा पास झाले, सनद घेतली आणि परभणीत एका दिवाणी वकिलाच्या हाताखाली काम करू लागले. आबांना साक्षीदार केलं होतं, आरोपी नाही. तरी त्यांच्या नावानं कराची नोटीस आलेलीच होती. तिच्यावरचा आकडा आबांना वाचून दाखवला तर म्हणाले, ‘एवढे आकडे तर मला कोणत्या फोनवर बी आले न्हाईत.’

निकालाच्या थोडे दिवस आधी भाऊ मला भेटायला कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर आले. वाळले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती, पण खिसा तसाच फुगलेला. वकिलानं त्यांना सांगितलं होतं की गुन्हा शाबीत होणार, आता फक्त शिक्षेचं बघायचं.

‘रेणुका, खुनाला काय शिक्षा असती ते लहान लेकराला बी माहीत असतं. पर ह्याच्यात शिक्षा मोजतेत कशी? जेवढा कर बुडाला तेवढे दिवस, असा तक्ता असतो का?’

‘तक्ता नसतो भाऊ. कायद्यानं वरची हद्द घातलीय, पाच वर्षं. तिच्या आत न्यायाधीशांनी ठरवायचं.’

‘कशावरून?’

मी सांगितलं. रक्कम केवढी, ते बघतात. एखाद्या वेळची चूक की ठरवून, वर्षानुवर्षं केलेलं काम, ते बघतात. करणारा मुख्य की कोणाच्या सांगण्यावरून करणारा. कोणाचा वापर केला. किती पैसे परत भरले. आधीचा गुन्हा आहे का. वय, तब्येत, घरी कोण आहे. आणि ही शिक्षा बघून बाकीचे काय शिकतील, हेही बघतात.

भाऊ बोटांच्या पेरांवर घेत होते. डाव्या हातावर वाढवणारं, उजव्या हातावर कमी करणारं.

‘वय?’

‘कमी करायला धरतात.’

‘शुगर?’

‘थोडी.’

‘दुकान अन् पलाट इकून पैसे भरलेत. सगळे न्हाई, पर भरलेत.’

‘ते नक्की धरतात.’

‘पहिलाच गुन्हा.’

‘पहिला सापडलेला,’ मी म्हणाले.

‘वकील झालीस बग तू,’ ते हसले. मग उजव्या हाताचं शेवटचं पेर धरून थांबले. ‘अन् पुण्य? पुण्य धरतेत का?’

‘आधीची चांगली वागणूक सांगता येते.’

‘मंग तू ये. काळा कोट घालून ये. वकीलसाहेब म्हणायलेत, तीन वर्षांच्या आत बसली तर त्याच दिवशी जामीन व्हतो, घरी बसून अपील करता येतं. वर गेली की तिथूनच जेल. तू नुसतं उभं राहून सांग, माझं शिक्षण ह्यांनी केलं म्हणून. तेवढ्यानं व्हईल.’ त्यांनी चहाचा कप उचलला आणि माझ्या बशीत अर्धा ओतला. ‘बाकी समदी बिलं खोटी हायती, रेणुका. तू एक खरं हायस.’

मी चहा प्याले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बापाचीच पोर.

त्या आठवड्यात घरी गेले तर आबा म्हणाले, ‘मी जाणार हाय कोर्टात. शब्द टाकायला.’

‘आबा, तुम्ही बोललात म्हणून त्यांचं भलं होईलच असं नाही. उलटंही होईल.’

‘त्यानं केलं ते सांगायचं. भलं व्हो न व्हो.’

‘आणि तुमच्या नावावर केलं ते?’

‘ते इचारलं तर ते बी सांगीन.’ मग चुलीकडं बघत म्हणाले, ‘तू यीन का?’

‘येईन. मागं बसेन.’

निकालाच्या दिवशी वालूर दोन टेम्पो भरून आलं. बायांनी भाकरी बांधून आणल्या होत्या. कोणाच्या तरी दिंडीला निघाल्यासारखी माणसं कोर्टाच्या व्हरांड्यात बसली आणि हवालदारानं उठवलं की चार पावलं सरकून पुन्हा बसली. न्यायाधीश बाई होत्या, वयानं फार मोठ्या नसतील. हळू बोलायच्या, त्यामुळं सगळं कोर्ट पुढं वाकून ऐकायचं. त्यांनी गुन्हा शाबीत झाल्याचं वाचलं. मग म्हणाल्या, शिक्षेबद्दल दोन्ही बाजूंचं ऐकते.

भाऊंच्या वकिलानं उजव्या हाताची सगळी पेरं सांगितली. वय, शुगर, भरलेले पैसे, पहिला गुन्हा, आजारी बायको. मग म्हणाला, गाव आलंय, त्यातल्या दोघांचं तरी ऐकावं.

सरकारी वकील उठले. ‘मॅडम, खुनाच्या खटल्यात या बाजूला कोणीतरी रडत असतं. मयताची आई असते, बायको असते. शिक्षा ठरवताना कोर्टाला ते तोंड दिसतं. या गुन्ह्यात माझ्या बाजूला रडणारं कोणी नाही. पैसा सगळ्यांचा गेला, म्हणून कोणाचाच गेला नाही. ज्या दवाखान्यात डॉक्टर आला नाही, तिथला पेशंट इथं येऊन सांगत नाही की माझा डॉक्टर यांनी नेला. रडणारे जे आहेत ते सगळे आरोपीचे आहेत. एवढंच लक्षात घ्यावं.’

बाईंनी गावातल्या दोघांना बोलायची परवानगी दिली. आधी गोदामावशी उठल्या. त्यांच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन भाऊंच्या पैशानं झालं होतं. त्या बोलायच्या आधीच रडायला लागल्या. ‘बाईसाहेब, माझं कुकू ह्याच्यामुळं हाय. ह्याला सोडा.’

‘यांनी तुमच्याकडून काही घेतलं होतं का?’ बाईंनी विचारलं.

‘काईच न्हाई. देवमाणूस हाय.’

‘काहीच नाही?’

‘फोटू, आधार अन् अंगठा. बस.’

बाईंनी लिहून घेतलं. मला त्यांच्या पेनचा आवाज मागच्या बाकावर ऐकू आला. भाऊंच्या वकिलानं मान खाली घातली. त्याला कळलं होतं. मलाही.

मग आबा उठले. मान कलती, हात जोडलेले. ‘मी लिंबाजी. सेलूला हमाली करतो.’

‘तुमच्या नावावर लोखंडाचा मोठा व्यापार होता. माहीत आहे ना?’

‘आता माहीत हाय.’

‘तुम्हाला कराची नोटीस आलीय.’

‘हाय. पोरगी बघणार हाय.’

‘यांनी तुमच्याकडून काय घेतलं होतं?’

‘काईच न्हाई बाईसाहेब. दिलंच. माझी पोरगी शिकवली.’ आणि आबा वळले. हात लांब करून त्यांनी मागच्या बाकावर मला दाखवलं. ‘ती काय. वकील हाय.’

सगळं कोर्ट वळलं. मी उभी राहिले. कोर्टात नजर आली की उभं राहायचं, एवढी सवय लागली होती. बाई म्हणाल्या, ‘तुम्हाला काही सांगायचंय का? सक्ती नाही.’

भाऊ माझ्याकडं बघत होते. हात खिशावर होता, पिनेवर. तीन वर्षांच्या आत की बाहेर, एवढाच प्रश्न होता, आणि त्यांना वाटत होतं की तो माझ्या तोंडात आहे. कदाचित नव्हता. पण मला त्या क्षणी तो तिथं असल्यासारखाच वाटला. जिभेवर जड.

‘माझं शिक्षण यांनी केलं, हे खरं आहे,’ मी म्हणाले. भाऊंचे खांदे जरा खाली आले. ‘ते कोणत्या पैशातून केलं, ते आज या कोर्टानं सांगितलंय. तेही खरं आहे. माझी एवढीच विनंती आहे की माझं शिक्षण यांच्या शिक्षेतून वजा करू नये.’

मी बसले. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. आजवर आबांनी मला कधी रागानं काही म्हटलं नाही, त्या दिवशीही नाही. पण त्या दिवशी परत जाताना टेम्पोत ते माझ्या शेजारी बसले नाहीत.

बाईंनी भाऊंना विचारलं, ‘तुम्हाला स्वतःला शिक्षेबद्दल काही सांगायचंय?’

वकिलानं त्यांना वाक्यं पाठ करून दिली होती, मला माहीत होतं. भाऊ उठले. घाम पुसला. गोदामावशींकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं.

‘बाईसाहेब, मी सूट मागायला आल्तो. मला मागायची सवय हाय.’ कोणी हसलं नाही. ‘पर ही माणसं म्हणायलीत, काईच घेतलं न्हाई. समदं घेतलं तरी म्हणायलीत काईच न्हाई. आता त्यावर सूट कशी मागू?’

आणि ते खाली बसले.

दुपारनंतर शिक्षा वाचून दाखवली. बाईंनी म्हटलं की गुन्हा वर्षानुवर्षं, ठरवून केलेला आहे. आरोपी मुख्य होता. गावकऱ्यांची कृतज्ञता खरी आहे, पण ती शिक्षा कमी करत नाही, कारण ज्यांनी विश्वास टाकला त्यांच्याच नावांचा वापर झाला आणि अजूनही त्यांना तो वापर वाटत नाही. चोरलेल्या पैशातून केलेल्या दानाची वजावट मिळणार नाही. वय, आजार आणि भरलेली रक्कम धरून पाचातलं एक वर्ष कमी. चार वर्षं, आणि दंड.

एका वर्षाची सूट. भाऊंना मिळालेली मी पाहिलेली सगळ्यात मोठी.

मी काही चुकीचं बोलले नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. मी गप्प राहिले असते तरी कदाचित चारच झाली असती, हेही सांगितलंय. माझे सीनियर म्हणाले, कोर्टाच्या कारणांत तुझा उल्लेखही नाही. तो नाहीच. पण त्या एका शब्दाजवळ आले की, वजावट या शब्दाजवळ, मला बशीतला चहा दिसतो.

भाऊंना न्यायला हवालदार आले तेव्हा भाऊ व्हरांड्यात थांबले. ‘दोन मिनटं, साहेब. काई सूट?’ हवालदार वालूरकडचाच असावा. थांबला. भाऊंनी खिशाची पिन काढली. मग ते एकेक फोटो बाहेर काढून ज्याचा त्याला देऊ लागले. माणसं रांगेत आली, प्रसाद घेतल्यासारखा ओंजळीत फोटो घेऊ लागली. गोदामावशींनी आपला कपाळाला लावला. काही फोटो गेलेल्या माणसांचे होते, ते त्यांच्या लेकरांना दिले. कोणी विचारलं नाही की हे आता परत का.

आबांची पाळी आली. भाऊंनी फोटो त्यांच्या हातात ठेवला आणि वरून आपला हात दाबला.

‘लिंबाजी, फोनवर नंबर आला तर आता कोणाला सांगू नगं.’

‘न्हाई भाऊ.’

‘मी जेलातून फोन केला तरी सांगू नगं.’

आबा रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी खिशात एकच राहिला. दोन वेण्या, शाळेचा गणवेश. मी भिंतीपाशी उभी होते. हात पुढं करावा की नाही, मला कळेना. भाऊंनी तो फोटो जरा लांब धरून पाहिला, चाळिशी नव्हती म्हणून.

‘ह्यो राहू दे माझ्यापशी,’ ते माझ्याकडं न बघता म्हणाले. ‘ह्याच्यावर मी काई काढल्यालं न्हाई.’

पिन लावली. सपाट झालेल्या खिशावर सवयीनं एक थाप मारली आणि हवालदाराच्या पुढं चालू लागले. पायऱ्या उतरताना त्यांनी एकदाच वळून पाहिलं, ते गावाकडं. माझ्याकडं नाही.

त्यानंतर मी आबांच्या नोटिशीचं काम हातात घेतलं. माझ्या नावावर लढवलेलं ते माझं पहिलं काम. भाऊंच्या निकालातच लिहिलं होतं की लिंबाजीचं नाव त्याला न कळू देता वापरलं गेलं. तेवढा आधार पुरला. आबांच्या नावावरची कंपनी रद्द झाली आणि नोटीस मागं घेण्यात आली. आता माझ्या वडिलांच्या नावावर कसलाही व्यापार नाही.